कोपऱ्यातली रिकामी मॅट

सर मला पहिल्यांदा भेटले ते पेशंट म्हणून. अंधेरी पूर्वेला ज्या लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे, तिथे सकाळी साडेसातपासून उपाशीपोटी आलेल्या माणसांची रांग लागते. त्या दिवशी रांगेत एक म्हातारे जपानी गृहस्थ बसले होते. पाठ ताठ, दोन्ही तळवे मांड्यांवर पालथे. सोबत माझ्याच वयाचा एक मराठी इंजिनिअर होता. म्हणाला, "ताप येतोय-जातोय. मलेरिया, डेंग्यू, सगळंच बघा."

मी म्हाताऱ्यांचं मनगट धरलं आणि पट्टा घ्यायला दुसरा हात लांब केला. तेवढ्यात माझी मूठ रिकामी झाली. त्यांनी हिसका दिला नव्हता. हात जागेवरच होता, फक्त माझ्या बोटांत नव्हता. मी पुन्हा धरलं. पुन्हा तेच. एकोणीस वर्षं मी लोकांचे हात धरतेय. घाबरून हात मागे घेणारी माणसं मला नवीन नाहीत, पण हे तसं नव्हतं.

"सॉरी, सॉरी. सवय," ते इंग्रजीत म्हणाले आणि लाजून हसले. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटले, हात झोपलेल्या बाळासारखा सोडून दिला, आणि मला शीर मिळाली.

जाताना इंजिनिअर म्हणाला, "सर म्हणतायत, तुमचा हात चांगला आहे. घट्ट पकडतो पण दुखवत नाही. रविवारी सकाळी आमचा क्लास असतो, इथून जवळच. या."

माझा डावा खांदा तेव्हा आखडलेला होता, केस बांधतानाही कळ यायची. डॉक्टर व्यायाम करा म्हणत होते. मी गेले ते खांद्यासाठी. आई म्हणाली, "ह्या वयात मारामारी शिकतलंस?" आई आणि मी घाटकोपरला राहतो, दोघीच. बाबा मिलमध्ये होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली.

क्लास औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात होता, दुसऱ्या मजल्यावर. इंजिनिअरच्या वडिलांचं तिथे पत्रा कापायचं युनिट होतं. ते बंद पडलं, मशिनं गेली, पण जमिनीतले बोल्ट तसेच कापलेले राहिले होते. त्यांच्यावर निळ्या मॅट अंथरल्या होत्या. अनवाणी चाललं की मॅटखालून बोल्टांचे उंचवटे पायाला लागायचे. भिंतींना अजून तेलाचा वास होता. रविवारी सगळ्या वसाहतीची शटर्स खाली असतात. लिफ्ट बंद, चहावाला नाही, टेम्पो नाहीत. एरवी जिथे स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, तिथे आपल्या कपड्यांची सळसळ ऐकू येते. मला ती शांतता पहिल्या दिवसापासूनच बरी वाटली नाही.

आम्ही सातजण होतो. जपानी गुरूला सेन्सेई म्हणायचं असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तोंडात 'सर'च यायचं. त्यांनाही ते चालायचं. त्यांची विद्या म्हणजे लाथा-बुक्क्या नव्हेत, आरोळ्या नव्हेत. एकाने मनगट धरायचं, दुसऱ्याने ते सोडवून घेत वळायचं आणि धरणाऱ्याला अलगद खाली बसवायचं. बस. तेच सावकाश, तासन्‌तास. सरांच्या घराण्यात हे बापाकडून मुलाकडे येत गेलं होतं. जपानच्या उत्तरेकडच्या एका बर्फाच्या गावात त्यांचा हॉल होता. पण गावात तरुण माणूसच उरलं नाही. इंजिनिअर कंपनीच्या कामाने तीन वर्षं त्या गावात राहिलेला, तिथेच तो शिकला, आणि हॉल बंद पडल्यावर त्यानेच सरांना इकडे बोलावलं होतं.

पहिल्या आठवड्यात म्हणे सरांनी विचारलं, 'अगेन'ला तुमच्यात काय म्हणतात? कुणीतरी सांगितलं, परत. तेवढा एक मराठी शब्द त्यांनी उचलला. मनगट सोडवलं की "परत." पडून उठलं की "परत." कधीकधी आम्ही सगळे थांबलेले असायचो, पाणी पीत असायचो, तेव्हाही ते कोपऱ्याकडे तोंड करून स्वतःशीच हळू म्हणायचे, "परत." आमच्या भाषेत त्या शब्दाचा दुसराही अर्थ आहे, तो त्यांना माहीत होता की नाही, मी कधी विचारलं नाही.

सातजण, म्हणजे तीन जोड्या झाल्या की एक माणूस उरायचा. कुठल्याही क्लासमध्ये अशा वेळी शिक्षक स्वतः जोडीदार होतो. सर होत नसत. उरलेल्या माणसाला ते खिडकीजवळच्या कोपऱ्यात पाठवत. तिथे दोन मॅट समोरासमोर टाकलेल्या होत्या. एकीवर आपण गुडघे मोडून बसायचं, दुसरी रिकामी.

"हात पुढे करा," सर सांगत. "ती धरेपर्यंत थांबा. मग सोडवा."

सरांच्या इंग्रजीत 'तो' आणि 'ती'चा घोळ असायचा, म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही.

पहिल्यांदा माझी पाळी आली तेव्हा मला हसू येत होतं. हात पुढे करून बसले. मागे सहाजणांच्या पावलांचा आवाज, समोर निळी मॅट, तिच्यावर खिडकीच्या गजांची सावली. काही झालं नाही. मी आपली अंदाजाने हात सोडवल्यासारखं केलं, वळले, परत बसले. दुसऱ्यांदाही तेच.

तिसऱ्या की चौथ्या पाळीला, मी हात पुढे केल्यावर मला मनगटापाशी थोडं जड वाटलं. दुसऱ्याचं बोट नाडीवर असलं की नाडी वेगळी जाणवते. स्वतःची नाडी आपल्याला एरवी कळत नाही, पण कुणी दाबली की आत ठोके मारायला लागते. माझी तशी मारत होती. मी हाताकडे पाहिलं. हात रिकामा होता. मी वळले तेव्हा ते वजन माझ्याबरोबर वळलं, मग अगदी सोडायच्या आधी आतल्या बाजूला दोनदा हलकेच दाबल्यासारखं झालं, आणि गेलं.

मी कुणाला बोलले नाही. खांदा आखडला आहे, नस दबत असेल, असं स्वतःला सांगितलं. असल्या लक्षणांची नावं मला माहीत आहेत, रोज रिपोर्टांवर वाचते. पण खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मी उरायला बघू लागले. जोड्या पडताना मुद्दाम पाण्याची बाटली शोधत मागे राहायचे. कोपऱ्यात मला इतरांशी करण्यापेक्षा जास्त कळायचं. कुठे वळायचं, कधी थांबायचं, हे कुणीतरी मनगटाला धरून सांगत होतं. खांदा तीन महिन्यांत मोकळा झाला.

आमच्यात सर्वांत लहान म्हणजे मुलुंडहून येणारी एक मुलगी होती, कॉल सेंटरमध्ये टीम लीडर. बोलकी, सतत खिदळणारी. मला म्हणायची, "तू काय तिकडेच पडीक असतेस गं? भूत पटवलंस की काय यार?"

एका रविवारी ती उरली. मी शेजारच्या जोडीत होते, म्हणून मला दिसलं. तिने हात पुढे केला, तोंडावर हसू होतं. मग ते हसू तिथेच राहिलं आणि डोळे बदलले. हात मागे घेण्यासाठी तिने दुसऱ्या हाताने स्वतःचं कोपर धरून ओढलं. उठली, सॅक उचलली, चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच जिना उतरून गेली. दुपारी तिचा मेसेज आला: "मी नाही येणार आता. प्लीज विचारू नकोस."

सर दारापर्यंत तिच्या मागे गेले होते. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा दुःखी नव्हता. माझ्या ते लक्षात राहिलं. एखाद्या रिपोर्टची वाट बघणाऱ्या माणसाचा असतो, तसा होता.

आता आम्ही सहा उरलो. जोड्या बरोब्बर पडणार, कोपरा लागणारच नाही. पण पुढच्या रविवारी सरांनी इंजिनिअरला स्वतःबरोबर घेतलं आणि म्हणाले, "एकजण तिकडे."

मी उठले आणि गेले.

तो दिवस पावसाळा संपतानाचा होता, उकाड्याचा. सरांनी शेवटी सगळ्यांना एकेक करून मधे बोलावलं. माझी पाळी आली. इंजिनिअरने माझं मनगट धरलं. मी सोडवून घेतलं, वळले, आणि त्याला खाली बसवलं. तो बसला, पण उठला नाही. माझ्या पायाकडे बघत राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"हे तू काय केलंस?"

"काय केलं?"

"पाय. तुझी डावी टाच."

मी खाली पाहिलं. वळताना माझी डावी टाच मॅटवरून फरफटत आली होती, फिकट रेघ उमटली होती. माझ्या पायाला काही झालेलं नव्हतं. मी अशी वळते हे मला माहीतच नव्हतं.

सर उठून जवळ आले होते. "कोणी दाखवलं?"

"तुम्हीच, सर."

"नाही. माझ्याकडे हे नाही." त्यांनी आपला हात पुढे केला, माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "परत."

मी केलं. मला काही करायचं सुचत नव्हतं, शरीराने आपोआप केलं. टाच फरफटली, मनगट सुटलं, आणि सोडण्याआधी माझ्याच अंगठ्याने त्यांच्या मनगटाच्या आतल्या बाजूला दोनदा हलकं दाबलं. सर पडले. इतक्या महिन्यांत त्यांना कुणीही पाडलं नव्हतं. पंच्याहत्तरीचा माणूस पाठीवर पडून राहिला, डोळे छताच्या पत्र्याकडे. आम्ही घाबरलो. मी नाडी बघायला त्यांचा हात घेतला, तर त्यांनी माझा हात तसाच धरून ठेवला आणि जपानीत काहीतरी बोलायला लागले. थांबतच नव्हते.

बाकीच्यांना इंजिनिअरने घरी पाठवलं. मग तो खाली मॅटवर बसून मला एकेक वाक्य मराठीत सांगत गेला.

सरांना एक मोठी बहीण होती. ही विद्या एकट्याने शिकता येत नाही, म्हणून वडिलांनी दोघांना एकत्र शिकवलं. ती जास्त चांगली होती. पण लहानपणी तिचा डावा पाय गाडीच्या चाकात आला आणि टाच कायमची अधू झाली. वळताना ती फरफटायची. वडिलांनी बजावलं, हा दोष विद्येत शिरता कामा नये. तिने शिकवायचं नाही. विद्येची वंशावळ लिहिलेल्या कागदाच्या गुंडाळीत तिचं नाव लिहायचं नाही. मग सर चाळीस वर्षं लोकांसमोर शिकवत राहिले आणि बहीण हात धरायचं काम करत राहिली. भाऊ पाडणार, ती पडणार. लग्न केलं नाही. हॉल झाडायची, चहा करायची. रोज पहाटे, कुणी नसताना, भाऊ तिच्याकडून शिकायचा. तिने कितीदा सांगितलं तरी तिचं टाच घासत वळणं त्याने कधी घेतलं नाही. एका थंडीत ती गेली. सर रोज सकाळी हॉलमध्ये हात पुढे करून बसायचे. कुणी धरत नव्हतं. मग त्यांनी हॉलला कुलूप लावलं आणि इकडे निघून आले.

"आणि कोपरा?" मी विचारलं.

इंजिनिअरने विचारलं. सरांनी कोपऱ्याकडे बघत उत्तर दिलं.

"ते म्हणतायत," इंजिनिअर माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझ्या हाताला तिथे कधीच काही लागलं नाही. मी बसून पाहिलं. म्हणून तुम्हाला पाठवत होतो. ती आली आहे का, बघायला."

मी घाबरले, पण त्याहून जास्त मला राग आला. रक्त घेताना आम्ही पेशंटला सांगतो, आता टोचेल. न सांगता सुई लावत नाही. या माणसाने महिनोन्‌महिने आमचे हात पुढे केले होते आणि सांगितलं नव्हतं.

"तुला माहीत होतं?" मी इंजिनिअरला विचारलं.

"सरांच्या ताई गेल्या एवढंच. त्यांच्या हातचा चहा प्यायलोय मी. कोपरा कशाला, ते मला खरंच माहीत नव्हतं गं." त्याने मॅटवरच्या रेघेकडे पाहिलं. "पण ती टाच मी ओळखली."

मी जायचं बंद केलं. आठवडे गेले, पण काही सुटलं नाही. लॅबमध्ये सुई काढून कापूस लावला की मनगट सोडण्याआधी माझा अंगठा आपोआप दोनदा दाबायचा. नेहमी येणाऱ्या एक आजी म्हणाल्या, "आज किती मायेनं सोडलास गं हात." मी बाथरूममध्ये जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. जिना चढताना स्वतःची पावलं ऐकायला लागले. उजवं पाऊल, मग घासत डावं. थांबून नीट टाकलं की नीट पडायचं. लक्ष गेलं की पुन्हा घासत.

त्या मुलुंडच्या मुलीला मी फोन केला. आधी ती टाळत होती. मग म्हणाली, "तुला वाटतं तसं नव्हतं ते. कुणी माझा हात धरला नाही. मीच कुणाचा तरी धरला होता. बारीक हात गं, म्हाताऱ्या बाईचा, हाडंच. आणि मला तो सोडताच येत नव्हता. बोटं उघडतच नव्हती माझी." पुढे म्हणाली, "ती ओढत पण नव्हती. नुसती थांबली होती, मी कधी सोडते म्हणून."

त्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. वाटलं होतं नारळ ओवाळेल, गावी फोन करेल. आईने भाजी निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तेका काय व्हया तां कोणी इचारल्यान?"

"कुणाला? सरांना?"

"सरांक कित्याक? तेका. त्या बाईक."

तिला काय हवंय, हे कुणीच विचारलं नव्हतं. सरांनी ती आहे का एवढंच बघितलं. मी नको म्हणून पळून आले.

बुधवारी लॅबमधून हाफ डे घेऊन मी गाळ्यावर गेले. दुपारची वेळ, शेजारच्या युनिटमध्ये प्रेस धडधडत होता, जमीन हादरत होती. सर एकटेच होते, ओल्या फडक्याने मॅट पुसत होते. मला बघून त्यांनी वाकून नमस्कार केला, नेहमीपेक्षा खूप खाली, आणि वर आलेच नाहीत. मी म्हटलं, "सर, उठा." मग मी कोपऱ्यात गेले, बसले, हात पुढे केला. मनगट लगेच जड झालं. मी मोठ्याने, मराठीतच विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" विचारताना मला आपण वेडे झालो आहोत असं वाटलं नाही. भीती मात्र वाटली.

मला उठवलं गेलं. ओढून नव्हे, जसं एखाद्या आजारी माणसाला आधार देऊन उठवतात तसं. डावी टाच घासत मी चार पावलं चालले आणि सरांसमोर येऊन थांबले. मग मनगट मोकळं झालं.

सरांनी फडकं खाली ठेवलं. आणि तो म्हातारा माणूस माझ्यासमोर गुडघे मोडून विद्यार्थ्याच्या जागेवर बसला आणि इंग्रजीत म्हणाला, "प्लीज, शिकवा."

मला शिकवता येत नव्हतं. मी फक्त वळून दाखवायचे, मग त्यांचा हात धरायचे आणि ते वळायचे. दर बुधवारी. त्यांची टाच फरफटायला तयारच नव्हती. इतकी वर्षं तिला उचलायची सवय. कधी चिडायचे, कधी बसून राहायचे. मीच म्हणायचे, "परत." पुढे मधल्या काळात बंद ठेवलेला रविवारचा क्लासही सुरू झाला, पण आधी सरांनी सगळ्यांना बसवून खरं काय ते सांगितलं आणि माफी मागितली. दोघं सोडून गेले. राहिले त्यांना कोपऱ्यात जायची सक्ती नव्हती.

थंडीच्या दिवसांत एका बुधवारी सरांची टाच पहिल्यांदा आपोआप घासली. त्यांना कळलंही नाही. मला मात्र माझं मनगट सुटताना दोनदा दाबलेलं कळलं. तो सरांचा अंगठा होता, उबदार, खरा. त्यानंतर मी कोपऱ्यात बसले तर समोर नुसतीच मॅट होती. मी पुढच्या आठवड्यातही बसून पाहिलं. काही नाही. मी सरांना सांगितलं. मला वाटलं ते रडतील. ते म्हणाले, "हो. ती गेली. आता मला माहीत आहे." मला हलकं वाटायला हवं होतं. लॅबमध्ये कितीतरी दिवस मी रिकाम्या वेळेत टेबलावर हात पालथा ठेवून बसायचे.

उन्हाळ्याच्या तोंडावर सर त्यांच्या गावी परत गेले. जायच्या आधी त्यांनी ती गुंडाळी उलगडली, शाई घोटली आणि वडिलांच्या नावानंतर, स्वतःच्या नावाच्या आधी जी अरुंद जागा होती, तिथे बहिणीचं नाव लिहिलं. अक्षरं दाटीवाटीने आली. माझं नाव खाली लिहू का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. अजूनही कधीतरी वाटतं, हो म्हणायला हवं होतं का.

क्लास आता मी आणि इंजिनिअर चालवतो. नवीन माणसं येतात, आसपासच्या ऑफिसांतली, एक-दोन जण बोरिवलीहूनही. पाय सगळ्यांचे धडधाकट. पण मागच्या रविवारी मी भिंतीशी उभी राहून बघत होते. नऊजण एका ओळीत वळत होते आणि नऊच्या नऊ डाव्या टाचा एकाच वेळी मॅटवरून घासत आल्या. असा पाय टाका असं मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. इंजिनिअरनेही नाही, मी विचारलं त्याला.

एका नव्या मुलीने क्लास सुटल्यावर विचारलं, "मॅडम, ही टाच अशीच ठेवायची असते ना?"

मी म्हटलं, "हो. अशीच असते." आणि शटर ओढायला गेले.